पुराचा इशारा गोठ्यापर्यंत पोहोचावा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पेरण्या उरकल्या, की कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाचे लक्ष नदीकडे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांनी आपली घरे, गोठे आणि ऊस पाण्याखाली घातले. म्हणून आज पिकाऐवजी पुराच्या पूर्वतयारीविषयी बोलणार आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्यानुसार देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात. हवामान खाते पावसाचा अंदाज देते. जलसंपदा विभाग धरणातून सुटणारे पाणी कळवतो. अलमट्टीच्या पाण्याबाबत महाराष्ट्र व कर्नाटकाने एकमेकांशी बोलायचे असते. ही सर्व माहिती जिल्ह्याहून तहसीलला आणि तेथून सरपंच, पोलीस पाटलांकडे येते. येथवर काम शासनाचे. पुढे ती वस्तीवरच्या शेवटच्या गोठ्यापर्यंत नेणे हे मात्र गावाचे काम आहे.

सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. "२००५ साली आपल्या दारात पाणी आले नव्हते," या हिशोबावर अनेक जण घरातच थांबले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि आपली माणसे बुडाली. रस्ता उघडा असताना जे अंतर बैलगाडीने जाता येते, ते पाणी चढल्यावर नावेने काटावे लागते. बचाव पथक कितीही तत्पर असले, तरी रस्ते बुडाल्यावर त्यालाही वेळ लागतोच. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पुढील गोष्टी नावानिशी ठरवून घ्याव्यात.

१. प्रत्येक गल्लीला व मळ्याला निरोप कोण देणार. मोबाईल बंद पडला तर मंदिराचा भोंगा किंवा दवंडी वापरावी.

२. वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया यांची यादी आणि त्यांना नेणारे वाहन.

३. जनावरांसाठी उंचावरची जागा व तेथे आधीच रचलेला कडबा. घटसर्प, फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

४. नदीकाठच्या मोटारी व स्टार्टर कोणत्या पातळीला काढायचे. वीजपुरवठा बंद केल्याशिवाय मोटारीला हात लावू नये.

५. सातबारा, पासबुक व बियाणे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे.

पाणी इशारा पातळीला पोहोचताच जनावरे हलवावीत. काही कारणाने मागे राहिलीच, तर दावी सोडून द्यावीत. खुंट्याला बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

माहिती वरून खाली येते, तशी ती खालून वरही गेली पाहिजे. ओढा फुगला, पूल बुडाला, की जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर लगेच कळवावे. तुमच्या ओढ्याचे पाणी दिल्लीला दिसत नाही. ते तुम्हालाच आधी दिसते.

घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या गल्लीत निरोप कोण आणणार, हे शेजाऱ्याला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ते काम आपल्याकडे घ्या.