वाडा जळाला, अक्षरें उरलीं
(गांवच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



दक्षिण कोरियाची राजधानी सोल हें नव्वद लाखांहून अधिक वस्तीचें शहर. उंच इमारती, भुयारांतून धांवणाऱ्या आगगाड्या आणि रस्तोरस्तीं माणसांची दाटी. त्या गजबजाटांत ग्योंगबोकगुंग नांवाचा जुना राजवाडा आहे. तो आम्हीं पाहिला. त्याची हकीकत आपणांपुढें ठेवितों, कारण ती शेतकरी-कारागिरांच्या उपयोगाची आहे.

हा वाडा १३९५ सालीं बांधला. सिंहासनाच्या दिवाणखान्यापुढें फरसबंद पटांगण आहे. तेथें दोन रांगांत दगडी खुंट उभे आहेत व त्यांवर पहिल्यापासून नवव्यापर्यंत अंमलदारांचे दर्जे कोरले आहेत. जसा दर्जा, तशी उभें राहण्याची जागा. नांगर धरणाऱ्याचा, कुंभाराचा, कोष्ट्याचा दगड आम्हीं शोधला; तो तेथें नाहीं.

परंतु याच वाड्यांत एका राजानें निराळें काम केलें. सेजोंग राजा १४१८ पासून १४५० पर्यंत गादीवर होता. त्या काळीं तेथें लिहिणें म्हणजे चिनी लिपींत लिहिणें. बोलणें एक, लिहिणें दुसरें! हजारों चिन्हें घोकण्यास ज्याला फुरसत, तोच पंडित. पोटासाठीं चिखल तुडविणाऱ्याला स्वतःवरचा अन्यायही कागदावर मांडतां येत नसे. हें ओळखून सेजोंगनें १४४३ सालीं २८ सोपीं अक्षरें तयार केलीं व १४४६ सालीं तीं जाहीर केलीं. ‘न’ म्हणतांना जीभ जशी वर टेकते, तसाच त्या अक्षराचा आकार. ‘म’चें अक्षर तोंडाच्या आकाराचें. शिकविणाऱ्यास याहून काय हवें?

पंडितांस हें रुचलें नाहीं. १४४४ सालीं चोए मालि नांवाच्या दरबारी विद्वानानें अर्ज केला कीं, स्वतःचीं वेगळीं अक्षरें काढणें हें रानटी लोकांचें लक्षण होय. पुढें १५०४ सालीं येओनसान राजाची निंदा करणारे निनांवी कागद याच अक्षरांत निघाले, तेव्हां त्यानें तीं शिकविण्यावर बंदी घातली. रयत लिहूं लागली कीं जुलमी राजाला धास्ती वाटते, ती अशी!

मग हीं अक्षरें जगविलीं कोणीं? बायकांनीं आणि सामान्य लोकांनीं. पंडित त्यांना ‘बायकांचीं अक्षरें’ म्हणून हिणवीत. अखेर १८९४ सालीं सरकारी कागदांत त्यांना मान मिळाला.

आतां वाड्याचें काय झालें तें ऐका. १५९२ सालीं जपानी स्वारीच्या वेळीं तो जळाला आणि पावणेतीनशें वर्षें ओस पडला. १८६५ सालीं पुन्हां बांधावयास घेतला, तो भार रयतेच्या डोक्यावर. ‘स्वखुशीची’ म्हणून वर्गणी उकळली. शंभर नाण्यांच्या किंमतीचें म्हणून एक हलकें नाणें पाडलें, त्यानें महागाई भडकली. १९१० ते १९४५ जपानचा अंमल होता. त्यांत बहुतेक इमारती गेल्या आणि दिवाणखान्यापुढें जपान्यांची टोलेजंग कचेरी उभी राहिली. ती १९२६ सालीं पुरी झाली. कोरियन लोकांनीं ती १९९५-९६ सालीं पाडून टाकली. आज दिसणारा वाडा बराचसा पुन्हां उभारलेला आहे.

अक्षरांना मात्र असें पुन्हां उभारावें लागलें नाहीं. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा मागें सारली, तरी तीं घराघरांत टिकलीं. आज सोलमधील दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रें, सरकारी कागद त्याच अक्षरांत आहेत. वाड्यासमोरच्या चौकांत सेजोंगचा पुतळा बसविला आहे; त्याच्या हातांत पुस्तक आहे.

मंडळी, राजवाडे जरूर पाहावे, पण दिपून जाऊं नये. तुमच्या घरांत एखादी माउली अजून अंगठा उठवीत असेल, तर वाचणाऱ्या पोरानें रोज रात्रीं अर्धा तास तिच्याजवळ पाटी घेऊन बसावें. सातबाऱ्याचा उतारा तिनें दुसऱ्याच्या तोंडून कां ऐकावा? स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावा. एवढें काम उद्यांपासून सुरू करा, म्हणजे आमचें बोलणें कारणीं लागलें असें आम्ही समजूं.