वेशीच्या आतून आणि वेशीबाहेरून : एका वाचकाची चार पुस्तके

(तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या ग्रंथालय मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ग्रंथांचे महत्त्व या विषयावर व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. आज ते बाजूस ठेवून एका वाचकाची हकीकत सांगावयाची आहे. हे गृहस्थ पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी आहेत. शाळा तपासणीसाठी त्यांना आठवड्यातील बहुतेक दिवस फिरतीवर जावे लागते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी ग्रंथालयातून चार पुस्तके नेली. त्यांपैकी दोन कादंबऱ्या होत्या. उरलेली दोन कल्पित नव्हती. प्रत्येक पुस्तक संपले की ते दैनंदिनीत चार ओळी लिहून ठेवीत. त्या टिपणांचा हा गोषवारा आहे.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’. ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक. मुले मेंढरांमागे जातात आणि शाळा ओस पडते. मास्तर हळूहळू वाडीचा विश्वास संपादन करतो. लोकांच्या श्रमांतून तालीम उभी राहते आणि राजेसाहेब स्वतः वाडीवर येतात. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि वाडी रिकामी होते. या वाचकाने टिपून ठेवले की, मास्तराच्या कामात कसूर नव्हती आणि पालकांचेही काही चुकले नव्हते. पाऊस झाला नाही, म्हणून शाळा बंद पडली. शाळेच्या पटाचा पावसाशी असलेला हा संबंध तपासणीच्या कोणत्याही नमुन्यात नोंदविला जात नाही, हे त्यांना प्रथमच जाणवले.

दुसरी कादंबरी आनंद यादवांची ‘गोतावळा’. ती 1971 सालची. कागल परिसराच्या बोलीत ती लिहिलेली आहे. प्रारंभीची काही पाने वाचकाला अडखळत वाचावी लागली. नंतर मात्र ती बोलीच कानांत घुमू लागली. नारबा हा मळ्यावरील गडी. बैल, गाई, कुत्री हाच त्याचा गोतावळा. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात आणि नारबाला तेथे काही उरत नाही. यांत्रिक शेतीने श्रम वाचतात हे खरे, आणि वाचकाला ते मान्यही आहे. परंतु वाचलेले श्रम ज्याचे होते, तो मनुष्य पुढे कोठे गेला, हा प्रश्न त्यांनी दैनंदिनीत अधोरेखित केला आहे.

तिसरे पुस्तक त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात वतनदार, अलुते-बलुते, सणवार, जत्रा, फिरस्ते अशा अनेक अंगांनी गावाचा कारभार उलगडून दाखविला आहे. गावातील प्रत्येक हक्कदाराचा भार शेवटी कुणब्याच्या खळ्यावर कसा येऊन पडतो, हे लेखकाने बारकाईने मांडले आहे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा ग्रंथ एकदा तरी वाचावा, असे या वाचकाचे मत झाले. मात्र फिरस्त्यांविषयीचे प्रकरण वाचताना ते थबकले. तेथे भटक्या जमाती गावाला होणारा उपद्रव म्हणूनच प्रामुख्याने दिसतात. लेखक वेशीच्या आत उभा राहून पाहतो, आणि ते त्या काळाला धरूनच होते.

चौथे पुस्तक लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनास पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टोपल्या विणीत गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातील हा मुलगा. बाप त्याला शाळेत घालतो. परंतु बिऱ्हाड गाढवांवर लादून पुढे निघाले की शाळा मागे पडते. ‘गावगाड्या’तील फिरस्ता येथे स्वतः बोलू लागतो. वेस तीच, परंतु तिच्याबाहेर पाल ठोकून राहणाऱ्याला ती निराळी दिसते. ‘गावगाडा’ आणि ‘उपरा’ ही दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत, कारण एकामुळे दुसऱ्याचे अपुरेपण कळते, अशी या वाचकाची नोंद आहे.

हकीकत येथे संपली असती, तर ती सांगण्याचे प्रयोजन नव्हते. ‘उपरा’ वाचून झाल्यावर या अधिकाऱ्यांनी आपलेच मागील वर्षीचे तपासणी अहवाल काढून पाहिले. त्यांच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची मुले हिवाळ्यात गैरहजर दिसली, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात ‘पालकांची उदासीनता’ असे लिहिलेले होते. हस्ताक्षर त्यांचेच होते. त्यांपैकी एकाही पालकाची त्यांनी कधी भेट घेतलेली नव्हती.

दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याआधी, ते मुख्याध्यापक आणि सरपंच यांच्यासह त्या घरांतून फिरले. काही घरी आजी-आजोबा मागे राहणार होते. तेथे हंगामी वसतिगृहाच्या सोयीचा उपयोग होईल, असे ठरले. काही घरी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिला येथील शाळेचे पत्र देण्यात आले, म्हणजे मुक्कामाजवळच्या शाळेत तिला वर्गात बसता यावे. सगळी मुले थांबली नाहीत. परंतु कोण कोठे गेले आणि का गेले, हे आता शाळेला ठाऊक आहे. शेऱ्याच्या रकान्यातील जुने दोन शब्द त्यांनी पुन्हा लिहिले नाहीत.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत या चार पुस्तकांची नोंद ‘दिले’ आणि ‘परत आले’ एवढीच आहे. येथे जमलेल्या शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन अशी दोन पुस्तके शोधावीत, की ज्यांत आपला गाव दोन बाजूंनी दिसेल. ती वाचून झाल्यावर आपलेच एखादे जुने टिपण पुन्हा काढून पाहावे, एवढीच विनंती आहे.