बारीक होण्याचा ध्यास आणि घरचा दस्तरखान
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांवर बोलण्याचा रिवाज आहे. मी मात्र जेवणाविषयी बोलणार आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण उपाशी डोक्यात धडा शिरत नाही, आणि आज चांगल्या खात्यापित्या घरांतल्या काही मुली, काही मुलगेसुद्धा, जाणूनबुजून उपाशी राहू लागले आहेत. घरात धान्य नाही म्हणून नव्हे, तर बारीक दिसायचे म्हणून.

ह्याला हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी १८७३ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, आणि गल यांनी दिलेले अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव आजही चालते. दुसरा प्रकार, भरमसाट खाऊन मग ते उलटी करून काढून टाकण्याचा. त्याला बुलिमिया म्हणतात. त्याचे नीट वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. यात वजन पुष्कळदा साधारणच असते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

"हे सारे गोऱ्यांचे आजार, आपल्याकडे कुठले?" असे विचारणाऱ्यांनी फिजी बेटांची हकीकत ऐकावी. तेथल्या मूळ फिजियन गावांत अंगाने भरलेली बाई चांगली मानली जाई. एखादी बारीक झाली, तर तिची कोणी काळजी घेत नाही की काय, अशी चिंता लोकांना वाटे. घरात जेवण चालू असताना वाटेने जाणाऱ्याला 'या, जेवा' अशी हाक मारण्याची तेथली चाल आहे. आपल्या आजी-नानींना हे सांगितले, तर त्यात नवल ते काय, असेच त्या म्हणतील! अशा ह्या मुलखातल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टेलिव्हिजन आला. अ‍ॅन बेकर ह्या अमेरिकन संशोधक डॉक्टरांनी त्याच वर्षी तेथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी उलटी करते, असे सांगणारी एकही मुलगी निघाली नाही. १९९८ साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा अशा मुली शंभरात अकरा निघाल्या.

दोन्ही वेळच्या मुली साठ-पासष्टच होत्या, म्हणून सगळा दोष टेलिव्हिजनच्या माथी मारणे बरोबर नाही. पण त्या मुलींचे बोलणे विचार करण्यासारखे आहे. मालिकांतल्या बायका सडपातळ, आणि त्यांना चांगल्या नोकऱ्या. तेव्हा आपणही तसे झालो तर पुढे जाऊ, असे त्यांतल्या काहींना वाटत होते. म्हणजे हे निव्वळ नटण्यामुरडण्याचे वेड नव्हते. पुढे जाण्याची चांगली इच्छाच आडवाटेला लागली होती. माझ्यासमोर बसलेल्या हुशार मुलींनो, तुमच्या हातातला फोन तर त्या टेलिव्हिजनपेक्षा कितीतरी जास्त वेळ तुमच्यासमोर असतो.

पालकांनो, आपल्याला मात्र फोनवर सारे ढकलून मोकळे होता येणार नाही. मुलगी पाहायला आलेली मंडळी, लग्नघरातल्या खाला-फुफू, कधी खुद्द आपण, चारचौघांत तिच्या अंगावरून बोलतो. "जरा कमी खा, नाहीतर स्थळ कुठून येणार?" हे वाक्य आपण प्रेमानेच बोलतो. सगळ्याच मुली त्याने आजारी पडत नाहीत. काहींची प्रकृतीच अशी असते, की त्यांना ते लागते. कुठली मुलगी तशी, हे आधी कळत नाही.

एकदा उपासमार सुरू झाली, की तीच मनाचा ताबा घेते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. हे शहाणेसुरते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, ताटल्या चाटू लागले, स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले. चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. भुकेने त्यांची ही गत झाली, तर पंधरा वर्षांच्या पोरीला "तुला अक्कल नाही का?" असे विचारून काय होणार?

काही खुणा ध्यानात ठेवा. पाळी बंद होणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, चक्कर, केस गळणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन दार लावणे, "मैत्रिणीकडे जेवून आले" हे रोजचेच उत्तर. सततच्या उलट्यांनी दात झिजतात, आणि रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडतात. मानसिक आजारांत जिवाला सर्वांत जास्त धोका असलेल्यांपैकी हा एक आहे. रमजानमध्ये तर अधिक लक्ष द्यावे लागते. रोज्याच्या आडून न जेवणे सहज लपते, आणि घरचे उलट कौतुकच करतात. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे अशा मुलीला घरातल्या मोठ्यांनीच सांगावे.

उपाय आहे, आणि त्यात तुमचे काम मोठे आहे. लंडनच्या मॉड्सले रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिले, की आजार लहान वयात सुरू झाला असेल आणि फार जुना नसेल, तर आई-वडिलांना बरोबर घेऊन केलेल्या उपचाराने अधिक गुण येतो. त्या पद्धतीत आई-वडिलांना दोष देत नाहीत. मुलीला पुन्हा जेवते करण्याची जबाबदारी काही काळ त्यांच्याच हाती देतात. रोज, न ओरडता, न विनवता, शेजारी बसून. मात्र फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणे घातक ठरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी हवी. कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

शिक्षकांना एक विनंती. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी मुलगी तुम्हांला दिसते, घरच्यांना दिसत नाही. ते पालकांच्या कानावर घाला, पण वर्गात नको, आणि चिठ्ठी तिच्याच हाती देऊन तर मुळीच नको.