न्हाणीची फरशी: आधी कोरडी, मग उबदार



शिरूर-दौंडकडे पौषातल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि जुन्या घरांतली म्हातारी माणसं न्हाणीत पाय टाकायला कचरतात. मग कुणीतरी सुचवतं, फरशीखाली थर्माकोल घाला. युरोपातल्या थंड देशांत तशा शीटा घालतात, कारण तिथली जमीनच घरातली ऊब शोषून घेते. आपल्याकडे दोन-तीन मीटर खाली जमीन वर्षभर साधारण २५ अंशांवर असते. तेव्हा खालून येणारी थंडी हे आपलं मुख्य दुखणं नव्हे. आपलं दुखणं ओल आहे.

बहुतेक जुन्या न्हाण्यांत शहाबादी फरशी असते. हा दगड टिकाऊ खरा, पण पायाची ऊब लाकडाच्या कितीतरी पट वेगानं ओढून घेतो. त्यात सांधे उघडे पडले की पाणी खालच्या मुरमात आणि मातीत मुरतं. तिथून ते पुन्हा वर येऊन वाळत राहतं आणि वाळताना उष्णता घेतं. १ लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात बर्फाइतकं गार असलेलं जवळपास ६ लिटर पाणी उकळीला येईल! ती उष्णता फरशीतूनच जाते.

विटांच्या तुकड्यांचा कोबा ऊब राखतो तो विटेच्या छिद्रांतल्या हवेमुळे. त्या छिद्रांत पाणी भरलं की संपलं, कारण पाणी हवेच्या २० पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून गळक्या न्हाणीत घातलेला सच्छिद्र थर म्हणजे पैसे मोरीत सोडणं.

दौंड तालुक्यात कालव्याखालच्या, उसाच्या शिवारात ओल जमिनीतूनच वर चढते. तिथे कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद भिंतीलगत वर वळवून घालावा. शिरूरच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना मात्र पक्का सिमेंटचा गिलावा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आतली ओल कोंडते आणि भिंत आतून खचते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा आणि पाणी उडेल तेवढ्या उंचीपर्यंत भिंतीपासून सुटा राहील असा दगडी किंवा फरशीचा आडोसा.

तळ काढल्यावर मुरूम ठोकून घ्या आणि त्याला नीट वाळू द्या. गवंड्याला घाई असते, पण इथे त्याचं ऐकू नका. उन्हाळ्यात काम काढलं तर बरं. मग कोबा, त्यावर पाणी न शोषणारी पॉलिस्टायरीनची २५ मिलिमीटरची कडक शीट, वर जाळी घातलेला पातळ काँक्रीटचा थर आणि शेवटी फरशी. मीटरला दीड सेंटीमीटर तरी ढाळ मोरीकडे हवा. जुन्या घरात उंबरा ठेंगणा असतो. त्यामुळे थर वाढवण्यापूर्वी माप घ्या, नाहीतर न्हाणीचं पाणी माजघरात येईल.

एवढा खर्च झेपत नसेल तर नुसते सांधे बुजवा, ढाळ सुधारा, आणि वडीलधाऱ्यांना बसायला लाकडी पाट, पायाखाली लाकडी फळी द्या. लाकूड दगडाइतकी ऊब ओढत नाही. मात्र पाट-फळी रोज उभी करून वाळवायची, म्हणजे शेवाळ धरून पाय घसरणार नाही.

फरशी बसवण्याआधी मोरीला बोळा मारून कोब्यावर दोन बोटं पाणी दोन दिवस भरून ठेवा. बाहेरून भिंतीच्या पायथ्याशी डाग उमटला, तर फरशीवाल्याला थांबवा आणि गवंड्याला परत बोलवा.