नदीकाठचा घरजावई



वाण्याकडून आपण आणतो तो अक्रोड बहुधा काश्मीरचा. दोन अक्रोड मुठीत धरून दाबले, की एक फुटतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याच्यावर मात्र हा प्रयोग करू नका. त्याला हातोडाच लागतो. हा काळा अक्रोड. माहेर अमेरिकेच्या पूर्व भागातली नदीखोरी. सतराव्या शतकात तो युरोपात आला, आणि आज चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण मोरावियात, मोरावा आणि दिये नद्यांच्या काठच्या सखल जंगलांत घरजावई होऊन राहिला आहे.

त्याला हे घर मानवलं ते गाळामुळे. पुरांनी वर्षानुवर्षं आणून टाकलेली खोल, कसदार माती त्याच्या सोटमुळाला हवीच असते. ओल हवी, पण तुंबलेलं पाणी नको. चार दिवसांचा पूर तो सोसतो. पाणी पायाशी मुक्काम करू लागलं, की खंगतो.

सोटमूळ दुखावलेलं त्याला खपत नाही, म्हणून रोप हलवण्यापेक्षा बी जागेवरच पेरणं बरं. पण तीन-चार महिने ओलसर थंडी अंगावर घेतल्याशिवाय बी उगवत नाही, आणि शरद ऋतूत पेरलं तर हिवाळाभर उंदीर नि रानडुकरं मेजवानी झोडतात. त्यावर उपाय म्हणजे बी ओल्या वाळूत थंड जागी ठेवायचं आणि वसंतात पेरायचं. पुढे डोक्यावर ऊन हवं. सावलीत हा वाढत नाही.

तशी मोकळी जागा तिथे दुर्दैवानेच झाली. विसाव्या शतकात एका बुरशीने एल्मची झाडं नेली. मग 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये अॅशची झाडं वाळताना दिसली. त्यामागची दुसरी बुरशी युरोपभर पसरली. घरातली कर्ती माणसं गेली आणि जावयाचं महत्त्व वाढलं. त्याचं चॉकलेटी लाकूड फर्निचरला आणि व्हिनिअरला मोलाचं, हेही खरंच.

पण घरजावयाविषयी कुरकुर असतेच. त्याच्या मुळांत, पानांत, फळांच्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. टोमॅटो-बटाट्याची झाडं त्याच्या शेजारी कोमेजतात. शिवाय तिथल्या म्हाताऱ्या ओकच्या आधाराने जगणाऱ्या किडामुंगीला हा नवखा तसा आसरा देऊ शकत नाही. सगळं रान त्याच्या नावे करून देणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

गंमत अशी, की ते त्याच्याही हिताचं नाही. मोकळ्यावर एकटा वाढला, तर तो खालपासूनच फांद्या पसरतो आणि लाकूड गाठाळ होतं. लिंडन, हॉर्नबीमसारखी स्थानिक झाडं बाजूने दाटून उभी राहिली, की खोडाला सावली मिळते, खालच्या फांद्या आपोआप गळतात आणि खोड सरळसोट चढतं. असं खोड तयार व्हायला सात-आठ दशकं लागतात. तेवढा काळ सासरची माणसं शेजारी असली, तरच हा जावई सरळ वाढतो.