न्यूट्रॉनची साक्ष

लोहचुंबक आपण सर्वांनी हाताळलेला आहे. त्याच्या प्रत्येक अणूत एकेक चिमुकला चुंबक असतो आणि त्यांच्या एकजुटीने टाचण्या उचलल्या जातात. लोखंडात या चिमुकल्यांना चहूबाजूंनी शेजार असतो. काही स्फटिकांत मात्र ते माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत असतात. संबंध काय तो मागच्या-पुढच्याशी, अन् तोही उलटा. एकाचे तोंड वर, तर शेजाऱ्याचे खाली.

अशा माळेला अगदी हलका धक्का दिला तर? जोंधळ्याच्या शेतावरून झुळूक गेली तरी लाट उठते, तशीच इथेही उठेल, असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९८३ साली डंकन हॉल्डेन यांनी वेगळेच सांगितले. (भारतात येऊन राहिलेले जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन, ते निराळे.) तांब्याच्या माळेत तुमचे म्हणणे खरे, तिथे अणुचुंबकाचे माप अर्धे. पण निकेलचे माप पूर्ण एक. ती माळ झुळकीला दादच देणार नाही. ऊर्जेचा उंबरठा ओलांडला तरच लाट उठेल. अर्धे आणि एक, एवढ्यावरून इतका फरक? पुष्कळांना हे पटेना. मलाही पहिल्या वाचनात पटले नव्हते.

निवाडा केला न्यूट्रॉनने. अणुभट्टीतून निघणाऱ्या या कणावर विद्युत्भार नसतो, म्हणून तो स्फटिकात खोल शिरतो. पण तो स्वतःही चिमुकला चुंबक आहे, म्हणून आतल्या चुंबकांना हलवतो. हलवले की तेवढी ऊर्जा खर्च होते. बाजाराला जाताना खिशात किती होते आणि परतताना किती उरले, तसाच हा हिशेब! ही वजाबाकी ब्रॉकहाऊस यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे १९५० नंतरच्या वर्षांत बसवली. १९९४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईजवळच्या तुर्भे येथील अणुकेंद्राचे पी. के. अय्यंगार त्यांच्याच हाताखाली हे तंत्र शिकून आले होते.

त्याच चॉक रिव्हरला १९८६ साली सीझियम, निकेल व क्लोरीन यांचा अतिथंड केलेला स्फटिक न्यूट्रॉनपुढे ठेवला. उंबरठा दिसला. तरी शंकेखोर म्हणाले, यातल्या माळा एकमेकींपासून पुरत्या अलग नाहीत. शंका रास्त होती. १९८७ साली निकेलच्याच दुसऱ्या एका स्फटिकात, जिथे माळा अधिक दूर दूर आहेत, तिथेही न्यूट्रॉनला उंबरठा आढळला.