वारशाचे रसायन : संग्रहालयातील संशोधन अधिछात्रवृत्तीचे महत्त्व



घमापूरच्या विद्यार्थ्याला कलचुरी काळातील शिल्पे पाहण्यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, आणि भेडाघाट या परिसरातील शिल्पवैभव जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात पाहावयास मिळते. इतिहासाचा विद्यार्थी तेथे मूर्तीचा काळ व शैली विचारतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारू शकतो : हा दगड कशामुळे झिजतो आणि ती झीज कशी थांबवावी? या दुसऱ्या प्रश्नातूनच संवर्धन विज्ञान ही शाखा जन्माला आली.

ऱ्हासाची कारणे

प्रत्येक वस्तूचा ऱ्हास वेगळ्या कारणाने होतो. सच्छिद्र दगडात पाण्याबरोबर क्षार शिरतात. पाणी सुकले की त्यांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे कण सुटू लागतात. लघुचित्रांतील तांबेयुक्त हिरवा रंग कालांतराने कागद तपकिरी व ठिसूळ करतो. शिशाचा पांढरा रंग हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडतो. कांस्यमूर्तीत क्लोराइड शिल्लक असल्यास दमट हवेत धातू आतून पोखरला जातो. यास्तव एका वस्तूला लागू पडलेला उपाय दुसरीला घातक ठरू शकतो.

अजिंठ्याचा धडा

या संदर्भात अजिंठ्याचे उदाहरण बोलके आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा पक्का केला. ही त्यांची कामगिरी निश्चितच मोलाची होती. मात्र चित्रांच्या रक्षणार्थ लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी बसली आणि मूळ रंग झाकोळले. ते रोगण काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढील अनेक दशके करावे लागले. चित्रे वाचविण्याचा हेतू शुद्ध होता. उणीव होती ती द्रव्याच्या दीर्घकालीन परिणामांच्या ज्ञानाची. ‘आधी अभ्यास, मग उपचार, आणि उपचार शक्यतो असा, की पुढे तो काढून टाकता यावा’ हे आजच्या संवर्धनाचे सूत्र अशाच अनुभवांतून दृढ झाले.

अधिछात्रवृत्ती कशासाठी?

संग्रहालयातील संशोधन अधिछात्रवृत्तीचे खरे मोल येथे लक्षात येते. दैनंदिन कामात वस्तू तातडीने दुरुस्त करण्याचा दबाव असतो. अधिछात्राला मात्र एकाच प्रश्नाचा मुळापासून शोध घेण्यास अवधी मिळतो. उदाहरणार्थ, चित्रातील हिरवा रंग क्ष-किरण प्रतिदीप्तीने तपासल्यास त्यात तांबे असल्याचे कळते. परंतु तो जंगाल आहे की मॅलाकाइट हे खनिज, याचा निर्णय त्यावरून होत नाही. त्यासाठी रामन वा अवरक्त वर्णपटाची जोड द्यावी लागते. वस्तूला स्पर्श न करता माहिती मिळविणे, नमुना अपरिहार्य असल्यास तो सूक्ष्मतम घेणे आणि प्रत्येक नोंद जपणे ही शिस्त अधिछात्र येथे आत्मसात करतो.

हे काम एकट्याचे नव्हे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. तो अभ्यास पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग व वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी संयुक्तपणे केला होता.

संस्था व संधी

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचा प्रारंभ १९१७ मध्ये झाला. तिचे मुख्यालय डेहराडून येथे आहे. सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ मध्ये लखनौ येथे स्थापन झाली. मुंबईत १९२२ मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे, स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची टागोर राष्ट्रीय सांस्कृतिक संशोधन अधिछात्रवृत्ती सांस्कृतिक संस्थांमधील संग्रहांवर संशोधन करण्यास कमाल दोन वर्षे साहाय्य देते. २०२० मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्वतंत्र जबलपूर मंडळ निर्माण झाले, ही या भागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात संविधानाचे अनुच्छेद ४९ आणि ५१ क (च), प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा व पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा यांचा उल्लेख येतो. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे व वस्तूंचे रक्षण करण्याचे दायित्व राज्यावर सोपविते, तर ५१ क (च) संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविते. तथापि कायदा वस्तूची चोरी वा तोडफोड रोखू शकतो. दगडात शिरणारा क्षार व कागद खाणारा रंग त्याला रोखता येत नाही. तेथे प्रशिक्षित संशोधकच हवा. झिजून गेलेला मूर्तीचा चेहरा कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही. म्हणून इमारतींवर आणि दालनांवर होणाऱ्या खर्चाबरोबरच वस्तू समजून घेणारी माणसे घडविण्यावरील खर्च हीदेखील विकासाचीच गुंतवणूक मानली पाहिजे. विज्ञानाच्या पदवीधरांनी या क्षेत्राकडे वळावे, अशी ही वेळ आहे.